म्हशीचा ड्रम

नातवाला शाळेत ओल्या आणि सुक्या कचऱ्यावर निबंध लिहायचा होता. ‘आजी, तू सांग की कायतरी,’ म्हणून माझ्या मागे लागला. मी म्हणाले, ‘आईला विचार बाबा, मला भाजी निवडायचीय.’ भाजी कसली, मेली चार काड्या कोथिंबीर होती. पण ओला कचरा हा शब्द कानावर पडला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. घरातल्यांना वाटतं, म्हातारीचं काहीतरी नवीनच. वाटू दे. पोराला मी काही सांगितलं नाही, पण एकदा वर आलेलं खाली बसेना, म्हणून लिहायला घेतलंय.

आमच्या कॉलेजात तीन ड्रम होते. डांबराचे रिकामे ड्रम, वरची झाकणं छाटून काढलेली, बाहेरून चुना फासलेला. त्यांच्यावर तांबड्या रंगात लिहिलं होतं : कागद, काच-लोखंड, खरकटं. ही कल्पना अर्थशास्त्राच्या सरांची, अक्षरही त्यांचंच. हॉस्टेल, मेस, कँटीन, लॅब, सगळीकडचा कचरा मागच्या अंगणात यायचा आणि ज्याने त्याने तो या तीन ड्रमांत वेगवेगळा टाकायचा, असा नियम होता. पोरांनी तिसऱ्या ड्रमाचं लगेच नवं बारसं केलं. म्हशीचा ड्रम. म्हैस आमची होती. आणि त्या ड्रमात कोपरापर्यंत हात घालून बसणारी बाई माझी आई.

मी त्याच कॉलेजात एफ. वाय. बी. ए.ला होते.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बार्शीकडचं आमचं गाव सोडलं होतं. वडील त्याआधीच गेलेले. आईने मला आणि भांड्यांच्या पोत्याला एस.टी.त बसवलं आणि ती स्वतः म्हशीला घेऊन चालत सोलापूरला आली. का तर म्हैस सरकारच्या गुरांच्या छावणीवर सोडायला तिचा जीव होईना. कॉलेजच्या कुंपणामागे मोकळी जागा होती. आमच्याकडची दोन-चार घरं तिथे आधीच येऊन पडली होती. त्यांच्या शेजारी आम्हीही पत्रे ठोकले. एका अंगाला आम्ही, एका अंगाला म्हैस, मध्ये पोत्याचा पडदा. म्हशीची बाजू जास्त स्वच्छ असायची, खोटं नाही सांगत.

म्हशीचं दूध कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये जायचं. प्रोफेसरांच्या घरोघरी आमचा रतीब होता. मला फीची सवलत मिळाली होती, पण पुस्तकं, वह्या, अंगावरची साडी, पोटाला भाकरी हे सगळं त्या म्हशीच्या चार सडांतून यायचं. आई उगीच कौतुक करणारी बाई नव्हती. म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, ‘ही हाय तवर तुजं कालेज हाय. ध्येनात ठेव.’ मी ध्यानात ठेवलं होतं. परीक्षेला जाताना देवाच्या आधी मी म्हशीला हात लावून जायची.

आता ही म्हैस जगवायची कशी, तर तिथेच सगळं घोडं अडलं होतं. दुष्काळ सरला म्हणे. पाऊस झाला, नाले वाहिले, पण कडब्याचा भाव काही खाली येईना. आमच्यासारख्याने कडब्याच्या पेंढीकडे लांबूनच बघायचं. थोडा आणायचा, तोंडी लावण्यापुरता, आणि बाकी पोट मेसच्या खरकट्यावर भरायचं. भाकरीचे तुकडे, भाज्यांची देठं, सालं, आमटीचं पाणी. आई सुरुवातीला मेसच्या मागच्या दाराशी बादली घेऊन उभी राहायची. तिथे सरांनी तिला पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात हे तीन ड्रम आले.

सर माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर माझ्या बोलण्यावरून तसं वाटायचं. खादीचा शर्ट, सायकल, आवाज मोठा. त्यांनी आईशी बोलणं केलं, ‘मावशी, एकात एक झालेलं सगळं तुम्ही वेगळं करायचं. कागद आणि काच-लोखंड कॉलेजचं, खरकटं तुमचं. पटतंय का?’ पैसे नाहीत, खरकटं हीच मजुरी, पण आईला न पटायला काय झालं? तिने पदर खोचला आणि त्याच दिवशी बसली.

पण पोरं! शिकली-सवरलेली, इंग्रजी बोलणारी, आणि ड्रमावर मराठीत लिहिलेलं त्यांना वाचता येईना. खरकट्यात काय नसायचं? दाढीची ब्लेडं, टाचण्या, विड्या-सिगारेटींची थोटकं, फुटक्या बल्बच्या काचा, एकदा तर आख्खी चप्पल. आई पोत्यावर खरकटं पसरायची आणि बोटांनी चाचपत पुढे सरकायची. मग घमेल्यात पाणी ओतून ढवळायची. जड असेल ते तळाशी बसायचं. एवढं करूनही तिचं समाधान होत नसे. काचेच्या ड्रमात तिला लॅबमधून फेकलेला एक लोहचुंबक सापडला. त्याचा उपयोग मी सांगितल्यावर तिने त्याला सुतळी बांधली आणि मग ती तो सगळ्या घमेल्यातून फिरवायची. टाचणी चिकटून वर आली की माझ्याकडे बघून म्हणायची, ‘ह्यी बघ. ह्यी पोटात गेली असती मंजे?’ आणि टाचण्या फेकणाऱ्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. गावाकडे आमच्या चुलत्यांचा बैल तार पोटात जाऊन मेलेला तिने पाहिला होता. त्याचा तिने धसका घेतला होता.

सकाळच्या लेक्चरआधी मी तिच्यासोबत बसायची. हात धुऊन, साडी झटकून वर्गात जायची, तरी मागच्या बाकावरून कुजबुज यायचीच. ‘आमटी कसली झालीय गं आज?’ मी वळून म्हणायची, ‘तुझ्या ताटात राहिली होती ती. आंबट झालीय.’ एकदा दिलं असं उत्तर की आठवडाभर शांतता.

एकदा सर वर्गात शिकवता शिकवता म्हणाले, ‘टाकाऊ असं जगात काही नसतं. आपल्याच कॉलेजमागे एक अडाणी बाई बघा. तुमचं उष्टं ती घेते आणि त्याचं दूध करून माझ्या चहात घालते!’ वर्ग खो खो हसला. सरांना ठाऊक नव्हतं, मी कुणाची. मी उभी राहिले. म्हणाले, ‘सर, ती माझी आई आहे.’ सर गोरेमोरे झाले. मग म्हणाले, ‘मग तर तुला अभिमान वाटायला हवा.’ अभिमान! अहो, दुसऱ्याच्या आईचा हात आमटीत बरबटलेला असला की अभिमान लई स्वस्त असतो. पण मी बसले खाली.

त्या वर्षी गॅदरिंग झालं. दुष्काळाच्या दोन वर्षांत गॅदरिंगचं जेवण बंद होतं, लोक दुष्काळी कामावर खडी फोडत असताना बुंदी कुठून वाढणार? त्यामुळे या वर्षी सगळ्यांची नुसती धांदल. मेसच्या मागे चरी खणून चुली पेटवल्या, पातेली चढली. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, बुंदी. तुपाचा वास आमच्या पत्र्यापर्यंत. आई म्हणाली, ‘किती वर्सांनी असा वास आला गं.’

सकाळी नाटकं, दुपारी जेवण असा बेत होता. नाटकाच्या बक्षिसावरून हॉस्टेलची पोरं आणि गावातली पोरं यांच्यात जुंपली. आधी शिव्या, मग खुर्च्या. प्रिन्सिपॉल स्टेजवर चढले आणि गॅदरिंग बंद म्हणून जाहीर करून टाकलं. ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं. हॉस्टेलच्या पोरांनी जेवणावर बहिष्कार घातला, गावातली पोरं सायकलींवर टांगा टाकून गेली. आणि पातेली तशीच. झाकणंही उघडलेली नाहीत.

आम्ही दोघी मागच्या अंगणातून बघत होतो. आचारी डोक्याला हात लावून बसलेला. सर इकडून तिकडे फिरत होते, तोंड उतरलेलं. ‘एवढं अन्न!’ असं म्हणायचे आणि पुन्हा फेरी मारायचे. क्वार्टर्समध्ये डबे भरून गेले. आमच्या वस्तीत गेलं. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या आळीत घरोघर गेलं, बायका ताटं घेऊन आल्या. मी स्वतः इतकी बुंदी खाल्ली की गोडाची शिसारी आली. तरी भाताचं मोठं पातेलं अर्ध्यावर, थोड्या पुऱ्या आणि बुंदीची परात भरलेलीच. उन्हाचे दिवस. संध्याकाळपर्यंत भात आंबणार हे उघड दिसत होतं.

ते फेकायचं? कुणाची हिंमत होईल? दोन वर्षं दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी आणि रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन काढलेली माणसं आम्ही. भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावून खाणारी. खड्डा खणून त्यात बुंदी पुरा, असं सरांच्याने म्हणवेना, आचाऱ्याच्याने म्हणवेना.

आईच म्हणाली, ‘सर, माज्या म्हशीला नेऊ का?’

सरांचा चेहरा असा उजळला! म्हणाले, ‘न्या मावशी, न्या! तिच्याइतका हक्क कुणाचा आहे?’

आम्ही घमेल्यांनी वाहिलं. आईने सवयीने भातात हात घातला, चाचपून बघितलं आणि हसली. त्यात सापडायचं काय होतं? ना टाचणी, ना ब्लेड. चुलीवरून उतरलेलं स्वच्छ अन्न. तिने चिमूटभर तोंडात टाकून बघितलं, मगच म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने आधी हुंगलं. मग जी तुटून पडली, तोंड वर काढेना. आई तिच्या मानेखाली खाजवत होती. ‘खा माजी बाय, खा. तूबी उपासच काढलास की. आज तुजाबी सण हाय.’ घमेलं संपलं की दुसरं. वर बुंदी. मी इतकी खुश असलेली आई वडील गेल्यापासून पाहिली नव्हती. ते बघून मलाही फार बरं वाटलं. खरंच सांगते, त्या दुपारी मला वाटलं, संपले आपले वाईट दिवस.

सकाळी धार काढायला आई गेली आणि तिची हाक आली. हाक नव्हतीच ती, नुसता आवाज. म्हैस बसली होती, मान एका अंगाला टाकून. पोट नगाऱ्यासारखं. दात करकर खात होती. शेण पातळ, आणि त्याला इतका आंबट वास की मी पदर नाकाला लावला. आईने गोडेतेलात हिंग घालून पाजलं. शेजारणीने सोडा आणून दिला, तोही पाजला. चौघांनी मिळून तिला उठवायचा प्रयत्न केला. ती मागच्या पायांवर अर्धी उठली आणि पुन्हा बसली. आईने तिच्या तोंडात हात घालून घशापर्यंत चाचपलं. तिच्या मनात एकच, टाचणी.

मी जनावरांच्या दवाखान्यात पळत गेले. डॉक्टर भले, सायकलवर लगेच आले. पोटावर मूठ दाबून बघितलं, डोळे बघितले, मग आईला विचारलं, ‘काल काय घातलं होतं?’

आई घाईघाईने सांगायला लागली, ‘भात घातला. बुंदी घातली. पुऱ्या हुत्या. समदं चांगलं हुतं डाक्टर, ताजं. नासकं कायबी न्हवतं. म्या सोता चाखून बघितलं की. टाचणी न्हाय, काय न्हाय.’

‘किती घातलं?’

आईने दोन्ही हात पसरून दाखवलं. मग घमेल्याकडे बोट केलं.

डॉक्टर उकिडवे बसले होते, ते तसेच राहिले. म्हणाले, ‘बाई, जनावराचं पोट कडब्याचं असतं. एवढा भात आणि एवढं गोड एकदम गेलं की ते आत आंबतं. ते विष होऊन रक्तात उतरतं. थोडं घातलं असतं तर काही झालं नसतं.’

‘पण चांगलं हुतं की ते,’ आई म्हणाली.

‘चांगलं होतं म्हणूनच तिने एवढं खाल्लं.’

त्यांनी इंजेक्शन दिलं, नळीने पोटात औषध सोडलं, जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. संध्याकाळ व्हायच्या आत म्हैस गेली. आई तिच्या डोक्याशी बसली होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘घाण खाऊन जगली गं. वरीसभर घाण खाऊन जगली. आन् म्या तिला येकदा चांगलं घातलं.’ हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, मला ऐकवेना. मी ओरडले तिच्यावर, ‘गप बस आये, गप बस!’ राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. पोरांवर? खुर्च्या फेकणाऱ्या पोरांना आमची म्हैस ठाऊकही नव्हती. सरांवर? त्यांनी तर अन्न वाचवलं होतं. आईवर कसा काढणार? देवावर काढला मग, तो कुठे उत्तर द्यायला येतो!

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालटीची गाडी आली. दोर बांधून म्हशीला वर ओढलं. आईने तिच्या गळ्यातला कासरा सोडवून घेतला आणि हातात धरून उभी राहिली, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

क्वार्टर्समध्ये दूध बंद झाल्याचं सांगायला मी गेले. दारोदार तेच वाक्य. सगळ्या बायका हळहळल्या. एका बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, ‘तू शिक्षण मात्र सोडू नकोस हं.’ आणि रिकामं पातेलं घेऊन आत गेल्या. शेजारच्या तेलुगू मावशींनी मात्र संध्याकाळी येऊन सरळ विचारलं, ‘विडी वळायला येते का? मी शिकवते.’ मला त्यांचं बोलणं जास्त बरं वाटलं. निदान पुढे काय आहे ते त्यांनी तोंडावर सांगितलं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी मी उठले तर आई घरात नाही. धावत कॉलेजच्या मागच्या अंगणात गेले. आई रोजच्या जागी बसली होती. पोत्यावर खरकटं पसरलेलं, वेचलेलं. घमेल्यात पाणी ओतून ढवळलेलं, निथळलेलं. भाकरीचे तुकडे एका बाजूला, सालं एका बाजूला. इतकं नीट तिने आधी कधी केलं नसेल. मला बघून म्हणाली, ‘झालं बघ समदं.’ आणि मग घमेल्याकडे बघत विचारलं, ‘आता ह्ये कुणाला घालू गं?’

मी घमेलं तिच्यापुढून बाजूला सरकवलं.

तेवढ्यात सर आले. सायकल भिंतीला लावून जवळ आले, फार वाईट झालं म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, डोळे सांगत होते. मग आमच्याकडे बघवेना म्हणून की काय, ड्रमांकडे बघून म्हणाले, ‘मावशी, काम मात्र सोडू नका. खरकट्याचं बघू काहीतरी, खड्डा करून खत करू. कागद आणि काच आहेच की.’

आई उठली. कागदाचा ड्रम तिने दोन्ही हातांनी धरला आणि उपडा केला. सगळा त्या वेचलेल्या खरकट्यावर. वह्यांची पानं, पेपर, वर्तमानपत्रं, सगळं आमटीत. मग पायाने ते कालवलं. ‘मावशी, अहो मावशी!’ म्हणत सर मागे सरकले. मला एकदम बळ चढलं. वर्षभराचा राग माझ्या हातात उतरला. होऊ दे एकच! सगळ्यांचं सगळं एकात एक होऊ दे, सडू दे! मी काचेचा ड्रम ओढला आणि तिरपा केला.

आईने झडप घालून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

‘काच नगं,’ ती म्हणाली. ‘कुणाचं तरी जनावर तोंड घालंल त्यात.’

ड्रम तिने माझ्या हातून काढून घेतला, सरळ करून जागेवर ठेवला. मग खाली बसली आणि खरकट्यातून भिजलेले कागद एकेक करून वेगळे काढायला लागली. सर सायकल घेऊन निघून गेले. पहिल्या लेक्चरची घंटा झाली. मी पदर खोचला आणि आईच्या शेजारी बसून कागद वेचायला लागले. वर्गात मी त्या दिवशी गेले नाही, आणि नंतरही कधी गेले नाही.